एकाच रानातल्या दोन मिरवेली: एक नवीन जात ठरली, दुसरी नाही

१९८७ साली जर्नल ऑफ इकॉनॉमिक अँड टॅक्सॉनॉमिक बॉटनीच्या दहाव्या खंडात एक छोटासा शोधनिबंध आला, केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या रानात मिळालेल्या दोन मिरवेलींबद्दल. लिहिणारे तिघं, पी. एन. रवींद्रन, एम. के. नायर आणि आर. अशोकन नायर. पहिल्या वेलीला त्यांनी सरळ नवीन जात म्हणून जाहीर केलं, नाव आजच्या रूपात पायपर सायलेंटव्हॅलिएन्स. दुसरी वेल अंगावर बारीक लव असलेली, दिसायला नेहमीच्या मिरीपेक्षा वेगळी, पण तिला नवीन जात म्हटलं नाही, ती पायपर नायग्रमचीच म्हणजे आपल्या काळ्या मिरीचीच एक व्हरायटी ठरवली, नाव हिर्टेलोसम. म्हणजे रान एकच, शोधणारे तेच, निबंधही तोच आणि दोन वेलींबद्दल दोन वेगळे निर्णय.

मला हे प्रकरण फार आवडतं कारण नवीन जात म्हणजे नक्की काय हा प्रश्न इथे शेजारी शेजारी ठेवून बघता येतो. नाहीतर नवीन जात सापडली ही बातमी आपण वाचतो, फोटो बघतो, छान म्हणतो आणि पुढे जातो, पण कुणीतरी ते ठरवलं कसं हे कळतच नाही. माझं मत आधीच सांगते, दोन्ही निर्णय मला पटतात, पण पहिल्या वेलीबद्दल जे कारण सगळ्यात आधी सांगितलं जातं, की तिची फुलं द्विलिंगी आहेत, म्हणजे एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग, ते एकटं पुरेसं नाही असं मला वाटतं, आणि का ते खाली सविस्तर लिहिलंय.

एक खुलासा आधीच करते, मी जात म्हणतेय ती स्पीशीज या अर्थाने. पेपरात त्यालाच प्रजाती लिहितात आणि घोळ होतो. आणि व्हरायटी म्हणजे शेतकरी म्हणतात तो वाण नव्हे. पन्नियूर-१ हा वाण आहे, माणसाने संकर करून तयार केलेला. वनस्पतीशास्त्रातली व्हरायटी म्हणजे जातीच्या खालची एक नैसर्गिक पायरी, रानात आपोआप असलेली.

रान कुठलं

सायलेंट व्हॅली पालक्काड जिल्ह्यात, निलगिरीच्या नैऋत्य कोपऱ्यात. स्थानिक नाव सैरंध्रीवन, तिथून वाहणारी नदी कुंतीपुळा, म्हणजे द्रौपदी आणि कुंती दोघीही तिथल्या नावात आहेत. रॉबर्ट वाइट हा वनस्पतीशास्त्रज्ञ १८४७ मध्ये तिथे झाडं बघायला गेला होता, तेव्हापासून या रानाची शास्त्रीय नोंद आहे. उंची साधारण साडेसहाशे मीटरपासून अंगिंडा शिखरापर्यंत, ते २३८३ मीटर, त्यामुळे खाली दमट सदाहरित जंगल आणि वर शोला, म्हणजे डोंगरमाथ्यावरची बुटकी जंगलं, आणि गवत अशी सगळी चढण एकाच खोऱ्यात बघायला मिळते.

सत्तरच्या दशकात इथे धरण बांधायचं ठरलं आणि साधारण ८.३ चौरस किलोमीटर जंगल पाण्याखाली जाणार होतं. मग केरळ शास्त्र साहित्य परिषद, सुगतकुमारी यांच्यासारखे कवी, शास्त्रज्ञ असे सगळे उभे राहिले आणि १९८३ मध्ये प्रकल्प सोडून दिला गेला, १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, १९८५ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. पुढच्या दोनच वर्षांत हा निबंध. हे साल लक्षात ठेवा कारण धरणाच्या वादात सिंहपुच्छ माकडाचं नाव खूप गाजलं, ते गाजायलाच हवं होतं, पण त्याच खोऱ्यात झाडांना बिलगून चढणाऱ्या या वेलीला तेव्हा नावसुद्धा नव्हतं. नाव नसलेल्या गोष्टीसाठी कोण भांडणार.

मिरीसाठी लोक पश्चिम घाटाच्या रानात का जातात तर काळी मिरी मूळची इथलीच. जगभरात पायपर या कुळशाखेच्या दोन हजारांहून जास्त जाती आहेत, सगळ्यात जास्त अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यात, पण ज्या मिरीसाठी जहाजं आली ती मलबारच्या डोंगरातली. पश्चिम घाटात पायपरच्या पंधरा-वीस जाती आहेत, त्यात पिंपळी आहे, काळी मिरी आहे आणि बाकीच्या बहुतेक अशा की बाजारात त्यांचं नाव कुणाला माहीत नाही. पिकावर काम करणाऱ्यांना या रानटी नातेवाइकांची गरज असते कारण लागवडीची मिरी रोगाला नाजूक, फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जिवाने होणारा मर रोग आला की उभी बाग पावसाळ्यात काळी पडते. रोगाशी लढायची ताकद कुठे असेल तर ती रानात असण्याची शक्यता, म्हणून मिरीचे संशोधक रान पिंजून काढत होते.

वेल ओळखणं अवघड का

हा भाग जरा लांबणार आहे पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मिरीची वेल एकच असली तरी तिच्या अंगावर तीन प्रकारच्या फांद्या असतात. एक जमिनीवर सरपटणारी, दुसरी झाडावर सरळ चढणारी जिच्या प्रत्येक पेरातून मुळं फुटून सालीला घट्ट धरतात, आणि तिसरी वर गेल्यावर आडवी बाहेर येणारी, फुलंफळं फक्त हिच्यावरच. आता गंमत अशी की या तिन्हींची पानं सारखी नसतात. सरपटणाऱ्या आणि चढणाऱ्या फांदीचं पान रुंद, बऱ्यापैकी हृदयाच्या आकाराचं, दोन्ही बाजू सारख्या. फळणाऱ्या फांदीचं पान अरुंद, लांबट, बुडाशी एक बाजू जास्त खाली आलेली. दोन पानं तोडून शेजारी ठेवली तर नवखा माणूस शपथेवर सांगेल की या दोन वेगळ्या वेली आहेत.

आणि रानात आपल्या हाताला लागतं काय तर पहिल्या दोन फांद्या. फळणारी फांदी वर, कधी पाच मीटर कधी पंधरा मीटर, दुसऱ्या झाडांच्या पानात हरवलेली. मी स्वतः एकदा पश्चिम घाटातल्या एका सदाहरित रानात अशीच एक लव असलेली मिरवेल बघितली होती, देठावर आणि पानामागच्या शिरांवर मऊ केस, बोट फिरवलं की जाणवणारे. मी हरखून गेले, भरपूर फोटो काढले, पानांची मापं घेतली, पान चुरगळून वास घेतला, सगळं वहीत लिहिलं आणि घरी येऊन पुस्तकं उघडली तर पुस्तकातला पहिलाच प्रश्न कणसाबद्दल. कणीस ताठ की लोंबतं, छदांचा म्हणजे फुलाजवळच्या खवल्यासारख्या पानांचा आकार काय, फुलं एकलिंगी की द्विलिंगी. माझ्याकडे यातलं एकही नव्हतं, महिना एप्रिल होता आणि वेल फुलतच नव्हती. वहीत आजही ती नोंद पायपर, जात अनिश्चित अशीच आहे आणि ते तसंच लिहिणं बरोबर आहे.

फुलं येतात पावसाच्या सुरुवातीला, जेव्हा घाटात चालणं सगळ्यात त्रासाचं. जळवा, निसरडं, दिवसभर ओलं. गोळा केलेला नमुना कागदात दाबून वाळवायचा असतो, तर हवा इतकी दमट की वाळायच्या आधी बुरशी येते. शिवाय मिरीचं कणीस वाळलं की छदं आक्रसतात, फुलाचा रंग जातो, म्हणून एक नमुना कागदात आणि कणसं वेगळी अल्कोहोलच्या बाटलीत असं दोन्ही करावं लागतं. हे सगळं केलं नाही तर शंभर वर्षांनी हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाच्या, कपाटात एक तपकिरी पान उरतं आणि त्यावरून कुणीच काही ठरवू शकत नाही. जुनी वर्णनं अडतात ती इथेच. गँबल या वनस्पतीशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात पायपर बारबेरी नावाची जात लिहून ठेवली, ती पुढे कित्येक दशकं कुणाला परत दिसलीच नाही.

भिंगातून कणीस

लागवडीच्या मिरीचं कोवळं कणीस मिळालं तर दहापटीच्या भिंगाखाली धरून बघा, खरंच बघा, त्यानंतर मिरीकडे बघायची नजर बदलते. कणीस म्हणजे पानाच्या समोरच्या बाजूने निघालेला एक बारीक दांडा आणि त्यावर दाटीने बसवलेली फुलं, पण फूल म्हणावं असं काही नसतंच. पाकळ्या नाहीत, बाहेरची हिरवी दलं नाहीत. एक छद, म्हणजे खवल्यासारखं इवलंसं पान, दांड्याला चिकटलेलं. त्याच्या मागे गोल हिरवा अंडाशय, त्यात बी एकच होणार, म्हणून मिरीच्या दाण्यात एकच बी असते. अंडाशयाच्या टोकावर चांदणीसारखी कुक्षी, म्हणजे पराग झेलणारा भाग, तीन ते पाच फाट्यांत फाकलेली, सुरुवातीला पांढरट ओलसर आणि मग तपकिरी पडत जाणारी. आणि दोन बाजूंना दोन पुंकेसर, टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान, तेही आधी दिसत नाहीत, कुक्षी उघडल्यावर काही दिवसांनी बाहेर येतात. म्हणजे घाईने एकदाच बघितलं तर द्विलिंगी फूलसुद्धा मादी वाटतं. हा धोका फार मोठा आहे, एकाच दिवसाच्या निरीक्षणावर लिंग लिहून टाकलं की वर्णन कायमचं चुकीचं.

जाती ओळखायची खरी खूण इथेच असते, पानात नाही. काही जातींत छदं दांड्याला पूर्ण चिकटलेली, काहींत कडा एकमेकींना जोडून फुलाभोवती वाटी झालेली. पायपर गॅलिएटम हे नावच छदाच्या शिरस्त्राणासारख्या आकारावरून आलंय. पिंपळीचं कणीस ताठ उभं, मिरीचं खाली लोंबणारं. या गोष्टी सावलीने, उन्हाने, वयाने बदलत नाहीत. पानाची रुंदी बदलते, रंग बदलतो, लांबी बदलते, छद बदलत नाही.

लव असलेली वेल

आता दुसरी वेल आधी घेते कारण ती सोपी आहे.

काळी मिरी अंगाने गुळगुळीत असते, सगळ्या पुस्तकांत तसंच लिहिलंय. ही वेल केसाळ. हिर्टेलस म्हणजे लॅटिनमध्ये बारीक लव असलेला, त्यावरून हिर्टेलोसम. दिसायला फरक स्पष्ट, हाताला फरक स्पष्ट, मग नवीन जात का नको?

कारण रानटी मिरीत नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. म्हणजे प्रत्येक बी दोन वेगळ्या आईबापांचं, प्रत्येक रोप थोडं वेगळं, आणि ही सरमिसळ हजारो वर्षं चालू आहे. अशा जातीत पानाचा आकार, दाण्याची जाडी, कणसाची लांबी सगळ्यातच खूप फरक दिसतो आणि लव हा त्यातलाच एक फरक असू शकतो. वनस्पतींत केस असणं नसणं हे पुष्कळदा थोड्याशाच जनुकांवर ठरतं. फक्त केसांवर जात उभी करायची आणि उद्या त्याच रानात एका केसाळ मादी वेलीच्या बियांतून अर्धी रोपं गुळगुळीत निघाली तर काय करायचं? नाव मागे घ्यायला लागेल आणि तोपर्यंत दहा याद्यांत ते शिरलेलं असेल.

तर लेखकांनी काय केलं, फरक नोंदवला, त्याला नाव दिलं, पण ठेवलं नायग्रमच्याच घरात. मला यात त्यांचा संयम दिसतो आणि तो मला फार मोलाचा वाटतो, कारण नवीन जात म्हणून छापायचा मोह तेव्हाही असणार आणि आजही आहे. नवीन जातीची बातमी होते, नवीन व्हरायटीची होत नाही. एकाच निबंधात दोन नवीन जाती असं लिहिता आलं असतं. त्यांनी नाही लिहिलं.

पहिली वेल आणि द्विलिंगी फुलांचा प्रश्न

सायलेंटव्हॅलिएन्सबद्दल वाचताना पुढे येतं ते तिचं द्विलिंगी फूल. आजूबाजूच्या बहुतेक रानटी पायपरमध्ये नर आणि मादी वेली वेगळ्या, आणि ही रानात वाढणारी वेल एकाच फुलात दोन्ही घेऊन बसलेली. हे ऐकायला एकदम जोरदार कारण वाटतं.

पण थोडं थांबून काळ्या मिरीकडेच बघू. रानातली काळी मिरी एकलिंगी, बागेतली काळी मिरी द्विलिंगी, आणि दोन्ही एकच जात. बागेत हे झालं कारण माणसाने शेकडो पिढ्या जास्त दाणे धरणाऱ्या वेली निवडल्या, त्यांची कलमं लावली, आणि जास्त दाणे त्याच वेलीला धरणार जिच्या फुलात पराग शेजारीच आहे, पावसाचा थेंब कणसावरून खाली घरंगळला तरी काम होतं. बागेतसुद्धा हे प्रमाण पक्कं नसतं, दाट सावलीत वाढलेल्या वेलीला मादी फुलं जास्त येतात. मग एकाच जातीत लिंग इतकं हलत असेल तर लिंगावरून दुसरी जात कशी ठरवणार? हा प्रश्न कुणी विचारला तर तो चुकीचा नाही, उलट विचारलाच पाहिजे. शिवाय रानात दिसणारी द्विलिंगी वेल म्हणजे कधीकाळच्या वस्तीतून सुटलेली लागवडीची वेल असू शकते, पश्चिम घाटात ते अशक्य नाही, जुन्या पाड्यांच्या जागी मिरी, आंबा, फणस मागे राहिलेले दिसतातच.

म्हणून माझं म्हणणं असं की द्विलिंगी फूल हा या प्रकरणात इशारा आहे, पुरावा नाही. ते बघून संशोधकाने थबकायचं आणि मग बाकीचं सगळं तपासायचं, कणीस कसं, छद कसं, फळ कसं, पान कसं, आणि हे सगळे गुण एकत्र एकाच वेलीत येतात का, की एकेक गुण वेगवेगळ्या वेलींत विखुरलेला आहे. नवीन जात उभी राहते ती गुणांच्या गाठोड्यावर. हिर्टेलोसमकडे फक्त लव होती, बाकी सगळं नायग्रमचं. सायलेंटव्हॅलिएन्स नायग्रमच्या चौकटीत बसवताच येत नव्हती, तिथेच निर्णयातला फरक आहे.

अजून एक मुद्दा मला खूप उशिरा लक्षात आला. नवीन जात जाहीर करताना एक नमुना कायमचा आधार म्हणून ठेवतात, त्याला टाइप म्हणतात, पुढे शंका आली की जगातल्या कुणीही तोच नमुना बघायचा. आता नर-मादी वेगळ्या असलेल्या जातीत हा आधार अर्धाच असतो, कारण नमुना एकतर नराचा नाहीतर मादीचा, दुसऱ्या बाजूचं फूल त्यात नाहीच. उद्या कुणाला दुसरी बाजू सापडली तर ती वेगळी जात समजून वेगळं नाव दिलं जाऊ शकतं, आणि पायपरसारख्या कुळशाखेत हा धोका कायम डोक्यावर असतो. द्विलिंगी वेलीचा मात्र एकच नमुना सगळं दाखवतो, कुक्षी आणि पुंकेसर एकाच कणसावर. म्हणजे सायलेंटव्हॅलिएन्सच्या बाबतीत फुलाचं लिंग पुरावा म्हणून जेवढं उपयोगी पडलं त्यापेक्षा जास्त ते वर्णन पूर्ण करण्यासाठी उपयोगी पडलं असं मला वाटतं.

नावाची बारीक गोष्ट

त्या काळी नवीन जात वैध ठरायला लॅटिनमध्ये वर्णन लागायचं, हा नियम १९३५ पासून २०११ च्या शेवटापर्यंत होता, २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी दोन्ही चालतं. त्यामुळे १९८७ च्या वर्णनात लॅटिन आलंच.

आणि निबंधातलं मूळ नाव सायलेंटव्हॅलिएन्सिस असं होतं. पण पायपर हा लॅटिन शब्द नपुंसकलिंगी, म्हणून नायग्रम, लाँगम, नायगर नाही की लाँगस नाही. जागेच्या नावावरून केलेलं विशेषणही त्याच लिंगात हवं, म्हणून एन्सिसचं एन्स. अशी दुरुस्ती करायला नवा निबंध लागत नाही, नियमातच सोय आहे, नाव आपोआप दुरुस्त धरतात आणि मान मूळ लेखकांचाच राहतो. तुम्हाला जुन्या कागदांत एक आणि नव्या याद्यांत दुसरं रूप दिसलं तर त्या दोन जाती नाहीत, एकच आहे. मी हे मुद्दाम लिहितेय कारण शोधताना एकच रूप टाकलं तर अर्धी माहिती सापडतच नाही.

ठरवल्याने पुढे काय फरक पडतो

कुणी म्हणेल जात म्हणा नाहीतर व्हरायटी म्हणा, वेल तीच. वेल तीच हे खरं, पण पुढचा सगळा व्यवहार या एका शब्दावर चालतो.

पिकाच्या बाजूने बघा. हिर्टेलोसम नायग्रमचीच असेल तर तिचा लागवडीच्या मिरीशी संकर व्हायला तत्त्वतः अडचण नाही, पन्नियूर-१ सुद्धा काळ्या मिरीच्याच दोन वेलींच्या संकरातून आलेला, १९७१ सालचा. वेगळी जात असेल तर रस्ता एकदम बिकट होतो. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण पायपर कोलुब्रिनम, ही दक्षिण अमेरिकेची जात, फायटोफ्थोराला दाद देत नाही, दलदलीतही तग धरते, पण तिच्यात २६ गुणसूत्रं आणि काळ्या मिरीत ५२, संकर सहजासहजी होत नाही. मग लोकांनी तिच्या खुंटावर मिरीचं कलम बांधलं, ते लागतं, चांगलं वाढतं, पण काही वर्षांनी बऱ्याच कलमांत जोडाच्या जागी बेबनाव सुरू होतो आणि वेल खंगते. म्हणजे जातीची भिंत कागदावरची नाही, बागायतदाराला ती जोडाच्या गाठीत दिसते. रानातून आणलेली वेल भिंतीच्या अलीकडची की पलीकडची हे आधी कळलं तर पैदासकाराची कित्येक वर्षं वाचतात.

रान वाचवायच्या बाजूने बघा तर उलटं चित्र दिसतं. धोक्यात कोण आहे याच्या याद्या बहुतेक जातींच्या असतात. सायलेंटव्हॅलिएन्स जात आहे म्हणून तिचा विचार होऊ शकतो, स्थानिक, फक्त इथलीच अशा शब्दांत तिचं नाव घेता येतं. हिर्टेलोसम व्हरायटी आहे म्हणून ती काळ्या मिरीच्या मोठ्या नावाखाली झाकली जाते, आणि काळी मिरी तर जगभर लावलेली, तिला धोका कसला, असं म्हणून विषय संपतो. पण त्या लवेत जी काही जनुकं असतील ती जगभरच्या बागांत नाहीत, ती त्या रानात आहेत. शास्त्रीय संयम दाखवला म्हणून वेल दुर्लक्षित राहावी हे मला सलतं. यावर उपाय म्हणजे व्हरायटीला जात म्हणणं नव्हे, याद्या करणाऱ्यांनी पिकांच्या रानटी नातेवाइकांसाठी जातीच्या खालच्या पायरीपर्यंत उतरणं.

कोळिकोडला मसाला पिकांच्या संशोधन संस्थेत मिरीच्या रानटी आणि लागवडीच्या वेलींचा फार मोठा संग्रह जिवंत ठेवलेला आहे. असा संग्रह हवाच. तरी तिथे वेल एका फांदीच्या कलमाने पोचते, म्हणजे एका वेलीची नक्कल. एकलिंगी जातीत रानातली प्रत्येक वेल वेगळी, त्यामुळे दहा वेली आणल्या तरी उरलेल्या रानातलं वेगळेपण रानातच राहतं. द्विलिंगी सायलेंटव्हॅलिएन्समध्ये एका वेलीच्या बियांतून बरीचशी तिच्यासारखीच रोपं येऊ शकतात, एकटी वेलसुद्धा दाणे धरू शकते, म्हणून थोड्या वेलींवरही ती टिकून राहू शकते, पण आतलं वेगळेपण कमी असण्याचा धोका तिथेच. दोन वेलींना वाचवायची रीतसुद्धा त्यामुळे वेगवेगळी. हिर्टेलोसमसाठी नर आणि मादी दोन्ही वेली, त्याही एकमेकींपासून पराग पोचेल इतक्या जवळ, उभ्या राहायला हव्यात. नुसती मादी उरली तर ती दरवर्षी कणसं काढेल आणि दाणा एकही नीट भरणार नाही.

कुणी रानात मिरवेल बघितली आणि ती वेगळी वाटली तर माझं एवढंच सांगणं आहे, पान तोडून आणू नका, वेल ज्या झाडावर चढलीय ते झाड ओळखून ठेवा, जागा वहीत लिहा आणि पाऊस सुरू झाल्यावर दुर्बीण घेऊन परत जा. खाली गळून पडलेलं कणीस पालापाचोळ्यात बऱ्याचदा मिळतं, त्याला भिंगाखाली धरा, आठ-दहा दिवसांनी परत जाऊन दुसरं बघा, पुंकेसर आता आले का ते बघा. माझी ती एप्रिलमधली वेल एका जुनाट जांभळीवर होती, जमिनीपासून हात पोचेल तिथवर फक्त रुंद पानं, आणि वर जिथे खोड दुभंगतं तिथून आडव्या फांद्या बाहेर आलेल्या. येत्या जूनमध्ये परत तिथेच जाणार आहे.